तीस-सत्तरचा भरवसा

छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. ‘चीनमधून पहिल्यांदाच माल मागवताय? बिनधास्त मागवा’ अशी सुरुवात, आणि पुढे पाच हमी. ३० टक्के ॲडव्हान्स आणि ७० टक्के बी-एलची (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची शिपिंग कंपनीची पावती) कॉपी आल्यावर दिले की पैसा सुरक्षित. अलीबाबा या चिनी ऑनलाइन बाजारावरचा गोल्ड सप्लायर म्हणजे तपासलेली पार्टी. एलसी (ठरलेले कागद आल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) उघडली की जोखीम शून्य. पुरवठादाराचं खातं बदललं तर नवा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल निघण्याआधीचं, दर आणि अटी लिहिलेलं बिल) मागवून घ्या. आणि काही चुकलंच तर बँक रिकॉल (पाठवलेले पैसे परत मागणारा संदेश) टाकून पैसे परत आणते.

भोसरीतल्या लहान कारखान्यांची आयातीची कागदपत्रं मी बघते. हा मेसेज मला तिघांनी पाठवला, आणि त्यातला एक जण दुसऱ्याच दिवशी टीटी करणार होता, म्हणजे बँकेतून थेट पुरवठादाराच्या खात्यात पैसे पाठवणार होता. म्हणून हे लिहिते आहे.

तीस-सत्तर ही चीनच्या व्यापारातली रूढ पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. पण तिला सुरक्षित म्हणणं चूक आहे. १८,००० डॉलरचं पाऊच पॅकिंग मशीन धरा. ५,४०० डॉलर पहिल्याच दिवशी जातात, तेही कसल्याही तारणाशिवाय. उरलेले १२,६०० तुम्ही देता एका पीडीएफवर विसंबून. ती पीडीएफ बनावट असू शकते, हे बहुतेकांना माहीत असतं. ती खरी असली तरी काय सांगते, याचा विचार मात्र फार कमी जण करतात. पूर्ण कंटेनर पुरवठादार स्वतः भरतो, सील लावतो आणि शिपिंग कंपनीच्या ताब्यात देतो. कंपनी आत डोकावत नाही. म्हणूनच बी-एलवर ‘सेड टू कंटेन’, ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ असे शब्द असतात. आत काय आहे ते पाठवणारा सांगतो, आम्ही मोजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत तुमचं मशीन आहे की रंग मारलेलं जुनं धूड, हे त्या कागदावरून कळणार नाही. ते कळेल न्हावा शेव्याला कंटेनर उघडल्यावर, आणि तोवर १०० टक्के रक्कम गेलेली असेल.

म्हणून ७० टक्के बी-एलवर अवलंबून ठेवू नका, मशीन कंटेनरमध्ये चढण्याआधीच्या तपासणीवर ठेवा. एसजीएस, ब्युरो व्हेरितास, इंटरटेक अशा कंपन्या हे काम करतात. तपासनीस तुम्ही नेमायचा, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे. पुरवठादाराने पाठवलेला व्हिडिओ म्हणजे तपासणी नव्हे. पॅकिंग मशीन असेल तर तुमच्याच पाऊच फिल्मचा रोल आधी पाठवा आणि त्यावर ते चालवून दाखवायला सांगा. ही अट ॲडव्हान्स देण्याआधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये लिहून घ्यायची. पैसे गेल्यावर अशी अट कोण मान्य करतो? नंतर बी-एल आली की कंटेनर नंबर, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, शिपिंग कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. फॉरवर्डरने, म्हणजे वाहतुकीच्या मध्यस्थाने, स्वतः दिलेली हाउस बी-एल असेल तर शिपिंग कंपनीच्या मास्टर बी-एलचा नंबर मागून घ्या.

मूळ कागद बँकेमार्फत मागवून पैसे भरल्यावरच सोडवायचे, हा डीपीचा (डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट) रस्ताही आहे. नव्या गिऱ्हाइकाला बरेच पुरवठादार तो देत नाहीत, पण विचारायला काय हरकत आहे?

गोल्ड सप्लायर ही पैसे भरून मिळणारी मेंबरशिप आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये अलीबाबा डॉट कॉमने स्वतःच जाहीर केलं होतं, की २००९ आणि २०१० या दोन वर्षांत मिळून २,३०० हून अधिक गोल्ड सप्लायर फसवणुकीत सापडले. त्यात कंपनीच्याच काही विक्री कर्मचाऱ्यांचा हात होता, आणि सीईओ डेव्हिड वेई यांनी राजीनामा दिला. त्यानंतर तपासणी कडक झाली असेल, पण बिल्ला बघून थांबू नका. बिझनेस लायसन्सची प्रत मागा. त्यावर चिनी लिपीतलं नाव असतं आणि कायद्याने तेच खरं, इंग्रजी नाव कुणीही काहीही ठेवतं. त्यावरचा १८ अक्षर-आकड्यांचा कोड चीन सरकारच्या कंपनी नोंदणीच्या साइटवर तपासता येतो. कंपनी कधी स्थापन झाली आणि ती कारखाना आहे की व्यापारी, याचा अंदाज तिथे येतो.

एलसी ही टीटीपेक्षा नक्कीच बरी. पण २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं पाचवं कलम स्पष्ट सांगतं, की बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नाही. कागद अटींप्रमाणे असले तर बँक पैसे देणार, आत दगड असले तरी. तपासणीचं सर्टिफिकेट एलसीच्या कागदांत घातलं तरच तिला अर्थ येतो.

आता खातं बदलण्याचा मुद्दा. मला सर्वांत जास्त राग याच सल्ल्याचा येतो.

माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराला ७० टक्क्यांच्या आदल्या दिवशी मेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या नव्या खात्यात भरा. त्याने मेसेजमध्ये सांगतात तेच केलं, नवा प्रोफॉर्मा मागितला. तासाभरात आला, लेटरहेड, शिक्का, सही सगळं हुबेहूब. पाठवणारा चोर होता, तो मेलमधलं संभाषण आठवडाभर वाचत बसला होता. चोराकडेच पुरावा मागितला तर तो देणारच. बँकेची ओळख असलेल्या स्विफ्ट कोडचं पाचवं आणि सहावं अक्षर देश सांगतं. चीनसाठी सीएन, हाँगकाँगसाठी एचके. या नव्या खात्याच्या कोडमध्ये पीएल होतं, म्हणजे पोलंड. चीनमधल्या वेनझोऊचा कारखाना पोलंडमध्ये पैसे कशाला घेईल? हा एक प्रश्न पुरला असता.

खातं बदललं की फोन करायचा, तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर. शक्यतो व्हिडिओ कॉल. लाभार्थीचं नाव आणि करारातलं कंपनीचं नाव एकच हवं. सेल्सवालीच्या वैयक्तिक खात्यात तर एक डॉलरही नाही.

राहिला रिकॉल. तो हुकूम नसतो, विनंती असते. समोरच्या खात्यात पैसे जमा झाले, की ते परत यायला त्या खातेदाराची संमती लागते किंवा तिथल्या पोलिसांची, न्यायालयाची कारवाई. तरीही तासाभरात बँकेला लेखी कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, कारण पैसे पुढे काढले जाण्याआधी खातं गोठलं तरच काही आशा असते. या कारखानदाराला नवव्या दिवशी कळलं.

आणि त्याची कटकट तिथे संपलेली नाही. आयातीसाठी बाहेर गेलेला प्रत्येक ॲडव्हान्स रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत नोंदला जातो, आणि बिल ऑफ एंट्री (माल आल्यावर कस्टमकडे भरायचा कागद) जुळेपर्यंत ती नोंद उघडी राहते. खऱ्या पुरवठादाराला बाकी मिळालीच नाही, त्यामुळे त्याने माल सोडला नाही आणि बिल ऑफ एंट्रीही नाही. बँक त्याला दर काही आठवड्यांनी पत्र पाठवते: माल कुठे आहे? तो प्रत्येक वेळी एफआयआरची प्रत जोडून उत्तर देतो.