हॉटेलच्या भिंतीवरचा फोटोही निसर्गाचाच असतो

काका, नमस्कार.

लँडस्केप फोटोग्राफीच्या व्यवसायावरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं परखड आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी मांडते. डोंगर-नद्यांचे फोटो काढून आपल्याकडे कुणाचं घर चालत नाही. माझंही हॉटेलांच्या भिंती, कंपन्यांची कॅलेंडरं आणि कार्यशाळा यांवर चालतं, म्हणजे कामं ठेक्याची आणि नाव निसर्गाचं. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना मांडूच्या जुन्या किल्ल्याचा फोटो विकत कोण घेणार? इंदूरला ना हिमालय, ना समुद्र. आणि असले लेख वाचून इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर चांगल्या पगाराची आयटीची नोकरी करणारा तुमचा पुतण्या राजीनाम्याची भाषा बोलू लागलाय.

पुतण्यापासून सुरू करते, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. त्याने राजीनामा देऊ नये, निदान इतक्यात तरी नाही. आपल्या गावातून या व्यवसायात गेलेला सगळ्यात मोठा माणूसही नोकरदारच होता. रुडकीला शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला आले ते बांधकाम खात्यात, नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला. कॅमेरा त्यांनी १८७४ च्या सुमारास हाती घेतला आणि त्यानंतरही बरीच वर्षं नोकरी चालूच ठेवली. १८८२-८३ मध्ये ब्रिटिश सरकारचे मध्य भारतातले एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारत फिरून त्यांनी ग्वाल्हेर, सांची, खजुराहोचे फोटो काढले. नोकरी सुटली ती त्यानंतर, हाताला कामाची खात्री आल्यावर. मग निजामाच्या दरबाराचं काम, सिकंदराबादचा स्टुडिओ, १८९६ मध्ये मुंबईचा.

यात तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचंही उत्तर आहे. ग्रिफिनसाहेबांबरोबरची ती भटकंती हे सांगून करवून घेतलेलं कामच होतं. पण दीडेकशे वर्षांपूर्वी ग्वाल्हेरचा किल्ला कसा दिसत होता हे बघायचं झालं, तर आज आपण त्याच फोटोंकडे जातो. त्यांच्या काचेच्या प्लेटा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जपून ठेवल्या आहेत. पैसे कुणी दिले यावरून फोटो निसर्गाचा की ठेक्याचा हे ठरत नाही. ते ठरतं फोटो काढणाऱ्याला ती जागा किती कळली आहे यावरून, आणि माझं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीवर उभं आहे.

हॉटेलच्या भिंतीचं काम म्हणजे काय, हे एकदा जवळून बघा. एका लॉबीसाठी मांडूतल्या खुरासानी इमलीचा सहा फूट रुंद फोटो हवा होता. आपण मराठीत जिला गोरखचिंच म्हणतो तेच हे झाड. हिवाळ्यात ते बोडकं असतं, सगळे फोटो तसेच निघतात. मला ते पावसाळ्यात, पानांनी भरलेलं आणि खालून धुकं चढत असताना हवं होतं. सहा फुटांवर १५० डीपीआयने, म्हणजे इंचाला १५० ठिपक्यांनी, छापायचं तर आडवे १०,८०० पिक्सेल लागतात आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे मिळतात ६,०००. म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा उभा लावून, प्रत्येक फ्रेमचा तिसरा हिस्सा पुढच्या फ्रेममध्ये येईल अशा बेताने शेजारी शेजारी फ्रेम घ्याव्या लागतात. धुकं थांबत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये ते सरकलं तर जोड दिसतो, म्हणून पाच-सहा फ्रेम काही सेकंदांत उरकायच्या, आणि त्यासाठी एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आधीच हाताने बांधून ठेवायचं.

मग छपाई. कापसाच्या मॅट कागदावर काळा रंग स्क्रीनइतका खोल उतरत नाही. ओल्या खोडावरच्या सुरकुत्या स्क्रीनवर सुरेख दिसतात आणि कागदावर एकच काळपट डाग होतो. सावल्या आधीच किंचित उचलून घ्याव्या लागतात. पावसाळी गवताचा पिवळसर हिरवा तर कागदावर हमखास मरतो. अशा वेळी हिरवा वाढवून उपयोग होत नाही. आजूबाजूचे रंग थोडे उतरवले की तो आपोआप वर येतो. मी वीतभर पट्ट्या छापते आणि त्या लॉबीत नेऊन तिथल्याच पिवळ्या दिव्याखाली भिंतीला लावून बघते, कारण फोटो तिथे राहणार असतो, माझ्या खिडकीच्या उजेडात नाही. हे सगळं निसर्गाच्या फोटोचंच काम आहे, काका. याला कमी लेखलेलं मला खरोखर लागतं.

आता इंदूर. हिमालय नाही हे मान्य, पण आपण पठाराच्या काठावर राहतो. महूवरून महेश्वरकडे निघालं की अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा लागतो, तिथे माळवा संपतो आणि खाली निमाड उघडतं. जानापावच्या डोंगरातून चंबळ उगम पावते आणि तिचं पाणी यमुनेतून गंगेला जातं. तिथून थोडंच दक्षिणेकडे पडलेला पाऊस चोरल नदीतून नर्मदेत उतरतो. पावसाने उघडीप दिली की या कड्यावर ढग आपल्या पायांखाली असतात. सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडतं, माघात गहू डोलतो, होळीच्या आधी पळस पेटतो. शब-ए-माळव्याची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, कीर्ती काही उगाच झालेली नाही. हिमालयात आठवडाभर जाऊन आलेल्या माणसाकडे हिमालयाचा एक आठवडा असतो. माझ्याकडे या कड्याचं अख्खं वर्ष आहे, आणि माझे ग्राहक त्याचेच पैसे देतात.

जागेच्या माहितीला जिवाचंही मोल आहे. महूजवळच्या पाताळपाणी धबधब्याला २०११ च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. आपण उभे आहोत तिथे ऊन असेल, पण वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत चढतं. कार्यशाळेला मुलं घेऊन जाते तेव्हा पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात ट्रायपॉड लावू देत नाही, कितीही नाराज झाली तरी.

मोबाइलचा मुद्दा मला फारसा छळत नाही. मांडूचे फुकट फोटो हजारो आहेत, पण सहा फुटांच्या भिंतीला ते पुरत नाहीत. शिवाय त्यातले बहुतेक एकाच सहलीचे असतात. इंदूरचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. अशा पाणथळ जागेचे एकाच ठिकाणाहून, ऋतूमागून ऋतू घेतलेले फोटो पाण्याची पातळी, जलपर्णी, काठावरची बांधकामं सगळं दाखवतात. पर्यावरणाचं काम करणाऱ्यांना ते लागतात. आज ठरवून मागच्या वर्षीचा तलाव टिपता येत नाही.

एका बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. मिळकत सारखी नसते, दिवाळीआधी कामांची रीघ आणि उन्हाळ्यात शुकशुकाट. म्हणून कागद पक्के हवेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर हक्क काढवून घेणाऱ्याचा होतो, फोटोग्राफरचा नाही. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली चांगली मुलं आपलं काम गमावतात. मी प्रत्येक कामाआधी लिहून घेते: हक्क माझा, वापर कशासाठी, किती मुदतीचा. एका बिल्डरने कॅलेंडरसाठी घेतलेला फोटो रस्त्यावरच्या होर्डिंगवर चढवला होता. करारात ‘फक्त कॅलेंडर’ असं लिहिलेलं असल्याने होर्डिंगचे पैसे वेगळे मिळाले, तेही वकिलाशिवाय. तुमच्या पुतण्याला लेन्सच्या आधी हा करार लिहायला शिकवीन.

त्याला सांगा, नोकरी सांभाळून घराजवळची एकच जागा धर. यशवंत सागराचा काठ असो की रालामंडळची टेकडी. आषाढापासून फाल्गुनापर्यंत तिथे जात राहा आणि निवडक फोटो कागदावर छापून घेऊन ये. फोनमधले मी बघणार नाही. तुम्हीही त्याच्याबरोबर या. पैशांबद्दलचे तुमचे प्रश्न नेमके आहेत, आणि त्यांची उत्तरं त्याने तुमच्यासमोर ऐकलेली बरी. मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या काढून ठेवते.