ब्रॅडॉकची पलटण आणि आईचा पक्ष

टेबलावर धातूचे छोटे शिपाई मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळायच्या, हा माझा छंद. छंद म्हणून का होईना, युद्धात पडायचं तर जिंकणाऱ्या बाजूनं पडावं. पण आमच्या खेळाच्या मंडळातले एक निवृत्त काका वर्षानुवर्षं फ्रेंच सैन्य बाळगून होते आणि त्यांचा मार खायला कोणीतरी हवं होतं. शिवाय मी राहतो पिट्सबर्गला. इथून दहाएक मैलांवर, मोनोंगहेला नदीकाठी, आज जिथे पोलादाचा कारखाना आहे, तिथे ९ जुलै १७५५ रोजी जनरल ब्रॅडॉकच्या इंग्रज फौजेची दाणादाण उडाली. सुमारे तेराशे माणसं, त्यांतली दोन-तृतीयांश दोन-तीन तासांत मेली किंवा जखमी झाली. समोर फ्रेंच, कॅनडावासी आणि मुख्यतः ओटावा, पोटावाटोमी वगैरे मूळनिवासी जमातींचे लढवय्ये मिळून नऊशेच्या आतबाहेर. वीस माणसांमागे एक शिपाई या हिशोबानं ही फौज मी उभी करायला घेतली.

शिपाई म्हणजे २८ मिलिमीटरचा, धातूचा. साच्याची शिवण कानशीनं काढायची, वाकलेल्या संगिनी सरळ करायच्या, सरळ करताना तुटलेल्या चिकटवायच्या, त्यांना चिकटलेली आपली बोटं सोडवायची. मग अस्तराचा, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराचा, फवारा. इथल्या थंडीत तो बाहेर मारला तर रंग रवाळ बसतो, म्हणून न्हाणीघरात पंखा लावून मारायचा. नेमकी तेव्हाच आई सहा महिन्यांसाठी आलेली.

"अरे, साबण घ्यायला हात घातला तर चौघं बंदुका रोखून उभे! दार वाजवायची पद्धत नाही का यांच्यात?"

खरा छळ गणवेशाचा. साध्या शिपायाचा कोट विटकरीकडे झुकणारा तांबडा, कारण तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत रंगवलेला. अधिकाऱ्याचा लालभडक, कारण तो किड्यांपासून काढलेल्या महागड्या रंगाचा. चव्वेचाळिसाव्या पलटणीच्या बाह्यांचे काठ पिवळे, अठ्ठेचाळिसाव्याचे फिकट बदामी. हा फरक दाखवायला मी दिव्याखाली दोन शिपाई धरले, तर आई म्हणाली, "एक हळद, एक डाळीचं पीठ. त्यात काय एवढं?" त्या दिवसापासून माझ्या रंगांच्या बाटल्यांना तीच नावं आहेत.

ब्रॅडॉकला इतिहासानं फारसं चांगलं म्हटलेलं नाही, पण मी त्याचा ऋणी आहे. उन्हाळा फार म्हणून त्यानं शिपायांना जाड्याभरड्या लिननच्या विजारी घालायला लावल्या, तलवारी मागे ठेवायला लावल्या. जंगलातल्या लढाईबद्दल त्याला काहीही कळत नसेल, पण रंगवणाऱ्याचं दुःख कळत होतं. मात्र त्याच्याखाली एकामागून एक घोडे मारले गेले. म्हणजे सेनापती एक आणि घोडे चार, तेही वेगवेगळ्या रंगांचे, नाहीतर काका म्हणणार, मेलेला परत कसा आला?

आईनं सगळ्या रांगा चष्मा लावून पाहिल्या आणि विचारलं, "ह्यात आपले कोण रे?"

"आपले कोणी नाहीत गं. अमेरिकेतलं आहे हे."

"मग हे तांबडे कोण?"

"इंग्रज."

"कुठल्या सालातले?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आईचं माहेर विजयदुर्गाचं. तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला आणि त्यांचं आरमार जाळलं ते फेब्रुवारी १७५६ मध्ये, म्हणजे ब्रॅडॉकनंतर जेमतेम सात महिन्यांनी. मी हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग मरू देत." नानासाहेब पेशवे त्या स्वारीत इंग्रजांच्याच बाजूनं होते, हे मी सांगितलं नाही. तिला अजून तीन महिने राहायचं होतं.

तांबड्यांतला एकच तिला आवडला, जॉर्ज वॉशिंग्टन. तेव्हा तेवीस वर्षांचा, आजारातून नुकता उठलेला. त्याच्या कोटातून चार गोळ्या गेल्या, दोन घोडे पडले, आणि नंतर त्यानं हे सगळं आईला पत्रानं कळवलं. "बघ," आई म्हणाली, "लढाईतून वेळ काढला त्यानं." यावर काय बोलणार!

फौज झाली तेव्हा लक्षात आलं की खरं काम अजून सुरूच व्हायचंय. ही लढाई ज्यांनी जिंकली ते झाडांच्या आड होते, आणि झाडं लागतात. टेबलभर. मूठभर शिपायांसाठी एवढं अरण्य उभं करावं लागणारं दुसरं युद्ध मला ठाऊक नाही. तारा पिळून खोडं, त्यांवर स्पंजाचे तुकडे. आईनं नारळांच्या शेंड्या साठवून झुडपं केली, चहाचा चोथा वाळवून पाचोळा केला. घरात दिवसाला चार वेळा चहा होऊ लागला. मधोमध ब्रॅडॉकनं तोडत आणलेला बारा फुटी रस्ता. बाकी सगळं रान.

खेळाच्या दिवशी बर्फ पडलं आणि काका आलेच नाहीत, फक्त त्यांचे फ्रेंच आदल्या आठवड्यापासून आमच्याकडे वस्तीला होते. आई पदर खोचून बसली.

"झाडामागच्याला लागायला सहाच पडावा लागतो, होय ना?"

"हो."

"आणि रस्त्यावरच्याला?"

"तीन पुरे."

"मग यांना रस्त्यावर ठेवलंस कशाला?"

हा प्रश्न तेव्हा ब्रॅडॉकलाही कोणी विचारला असता तर बरं झालं असतं. पहिल्याच फेरीत माझे टोपीवाले ग्रेनेडियर, म्हणजे पलटणीतले निवडक शिपाई, गेले. त्या उंच टोप्यांवरचं नक्षीकाम मी भिंग लावून केलं होतं. नवी रंगवलेली तुकडी सगळ्यांत आधी मरते, असं या छंदात म्हणतातच. दुसऱ्या फेरीत माझ्या मागच्या रांगेनं पुढच्या रांगेवरच गोळ्या झाडल्या, तशा त्या खऱ्याही झाडल्या होत्या. आईचे फासे सहाखाली यायला तयार नव्हते. चौथा घोडा पडल्यावर तिनं ब्रॅडॉकला स्वतःच्या हातानं उचलून डब्यात ठेवलं.

"आता विजयदुर्गाचं करू," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, त्याला गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं लागतील, गलबतं लागतील, बुरूज लागतील, समुद्र लागेल. पण तोवर तिनं देवगडला मामाला फोन लावला होता आणि गुराबेला डोलकाठ्या दोन की तीन, यावर दोघांचं भांडण सुरू झालं होतं.