मीच ती चार्जिंगला लावली होती

आज पोराच्या शाळेत ‘व्यसनमुक्ती’चा कार्यक्रम होता. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन आपल्याकडे भर सुट्टीत येतो, त्यामुळे शाळा तो नंतर कधीतरी उरकतात. पालकांनाही बोलावलं होतं म्हणून हाफ डे टाकून गेलो. परत येताना डोकं इतकं तापलं होतं की सिग्नलला गाडी दोनदा बंद पाडली.

पाहुण्यांनी तासभर तेच दाखवलं जे आमच्या वेळी दाखवायचे. सडलेला जबडा, काळं फुप्फुस, गुटख्याची पुडी. मग हात पुढे करून शपथ. मागे नववीची पोरं खिदळत होती. का नाही खिदळणार? (मान्य, गुटखा काही संपलेला नाही. २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर हवा तेवढा मिळतो.)

शेवटी मी उठून विचारलं, “व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, काहीच नाही का?” तर मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, “सर, आपण नाव घेतलं की ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल ना!”

पोरांना सगळं माहीत आहे हो मॅडम. माहीत नाही ते आम्हाला.

आता घरातलंच सांगतो. पोराला विचारून लिहितोय. फेब्रुवारीत त्याच्या टेबलावर एक चपटी, पोपटी रंगाची वस्तू पडलेली दिसली. मला वाटलं पेनड्राइव्ह. बुडाला खाच होती, माझ्या मोबाइलची पिन बसते का बघितलं. बसली. दिवा लागला. मी ती रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी त्याच्या दप्तराशेजारी नीट ठेवून दिली! पुढे महिनाभर बाथरूममधून आंब्याचा वास यायचा. आई एकदा म्हणाली, “पेटी आली का रे? एवढ्या लवकर?” मी म्हटलं, नवा हँडवॉश असेल.

हीच माझी आई बाबांच्या शर्टाचा खिसा नुसता हुंगून सांगायची, तंबाखू कधी मळली ते. चुन्याची डबी कितीही लपवा, तिला सापडायचीच. त्या व्यसनाला वास होता, डाग होता. याला पोपटी रंग आणि चार्जिंगची पिन.

सरकारनं २०१९ मध्ये कायदा करून ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळं बंद केलं. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. छान. आणि आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर १०० यार्डांवर तंबाखूबंदीची पिवळी रेघ आहे, तीही छान. पोराला ती वस्तू मिळाली वर्गातल्या मित्राच्या मोठ्या भावाकडून. ती रेघेच्या आतच होती.

शिकवायचं काय, असं विचारतात. अहो, आम्ल आणि आम्लारीचा धडा शिकवताच ना? मग तिथेच सांगा. व्हेपमधलं निकोटिन आम्लारीधर्मी, ते घशाला बोचतं. त्यात बेंझोइक आम्ल घातलं की क्षार तयार होतो आणि बोचणं कमी होतं. आमच्यातल्या कितीतरी जणांची पहिली सिगारेट त्या ठसक्यामुळेच शेवटची ठरली. या पोरांना ठसकाच लागत नाही, म्हणून ती ओढत राहतात. ‘नुसती वाफ’ म्हणे. वाफ चहाची असते. आणि मित्रानं समोर धरली तर तोंड न पाडता, भांडण न करता नाही कसं म्हणायचं, याची वर्गात तालीम घ्या. नाटकाची घेता तशी. शपथेनं काही होत नाही, शपथ आम्हीही घेतली होती.

शिक्षकांवर निवडणूक, जनगणना, खिचडी, सगळं लादलंय हे कळतं मला. नाव घेतल्यानं एखाद्याचं कुतूहल वाढेलही, तेही खरं. पण मागच्या वर्षी एकाच्या दप्तरात ती सापडली तर शाळेनं सरळ दाखला हातात दिला. आता सांगा, उद्या कुणाला सोडवत नसेल तर तो कुठल्या सरांकडे जाईल?

हे लिहिता लिहिता जरा शांत झालोय. शाळेवर इतका ओरडलो, पण ओरडायला आधी मी घरीच सुरुवात केली होती. मार्चमध्ये कळलं तेव्हा पोरावर हात उगारला. तो मागे सरकला नाही. एवढंच म्हणाला, “बाबा, तू चार्जिंगला लावलीस तेव्हा मला वाटलं, तुला माहितीये आणि तू काही बोलत नाहीयेस.”

महिनाभर त्याला वाटत होतं की मला माहीत आहे.

सुटायला त्याला दोन महिने लागले. चिडचिड, झोप नाही, गणिताचा पेपर कसा दिला देव जाणे. आता बरा आहे. आज कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत बसून त्यानंही शपथ घेतली, माझ्याकडे न बघता.

सोमवारी सकाळी साडेदहाला मुख्याध्यापिकांना भेटायला जातोय. आठवी ते दहावीचे पालक कुणी येणार असाल तर खाली लिहा. ‘आमचा तसला नाही’ म्हणणाऱ्यांनी तर याच. येताना घरातल्या चार्जरला काय काय लावलंय ते एकदा बघून या.