चौथा क्रमांक आला कुठून?

जुलै २०२५ पासून एक दावा फिरतो आहे: जागतिक बँकेच्या मते भारत हा जगातला चौथा सर्वाधिक समानता असलेला देश आहे. गिनी निर्देशांक (विषमतेचं माप: ० म्हणजे पूर्ण समानता, १०० म्हणजे सगळं एकाच्याच हातात) २५.५, पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. चीन (३५.७) आणि अमेरिका (४१.८) बरेच मागे. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानेच तो प्रसिद्ध केल्यामुळे फॉरवर्ड करणाऱ्यांना शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. २५.५ हा आकडा खरा आहे. त्याच्यावर जे रचलं गेलं, ते टिकत नाही.

‘जागतिक बँक म्हणते’

बँकेच्या भारतावरच्या टिपणात हा आकडा आहे, चौथा क्रमांक नाही. शिवाय आकड्याला लागूनच लिहिलंय की माहितीच्या मर्यादांमुळे विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असावी. त्याच परिच्छेदात पुढे आहे की ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस’ या अर्थतज्ज्ञांनी जमवलेल्या विषमतेच्या माहितीसाठ्यानुसार भारतातल्या उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला, आणि वरच्या १० टक्क्यांची मध्यक कमाई खालच्या १० टक्क्यांच्या १३ पट आहे. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच आलं नाही.

‘मग स्लोव्हाकियाच्या जवळ कसे पोचलो?’

मोजपट्टी वेगळी होती म्हणून. स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि अमेरिकेचे आकडे उत्पन्नाचे आहेत, भारताचा आकडा उपभोगखर्चाचा. समजा, एका घरात महिन्याला १५ हजार येतात आणि सगळे खर्च होतात. दुसऱ्या घरात पाच लाख येतात, दीड लाख खर्च होतात आणि बाकीचे शेअर्समध्ये किंवा फ्लॅटमध्ये जातात. उत्पन्नातला फरक तेहतीस पट, खर्चातला दहा पट. श्रीमंतीचा मोठा भाग खर्चात उतरतच नाही, त्यामुळे खर्चाचा गिनी जवळपास नेहमीच खाली असतो. चीनशी तुलना मात्र त्यातल्या त्यात रास्त आहे, कारण तिथलाही आकडा खर्चाचाच आहे.

आता २५.५ हा आकडा ज्या सर्वेक्षणातून आला, त्यात श्रीमंत सापडतात का, ते पाहा. २०२२-२३ च्या घरगुती उपभोगखर्च सर्वेक्षणात शहरी भागातल्या सर्वात वरच्या पाच टक्के लोकांचा सरासरी दरडोई मासिक खर्च २०,८२४ रुपये निघाला. चौघांच्या कुटुंबाचे झाले साधारण ८३ हजार. महानगरातलं भाडं, गाडीचा हप्ता आणि दोन मुलांची फी एवढ्यात रक्कम संपते, आणि हा म्हणे शहरी भारताचा शेंडा! खरे धनाढ्य अशा पाहणीच्या हाती फारसे लागत नाहीत. यात सर्वेक्षकांचा दोष नाही. जगभर हीच अडचण आहे.

‘पण २०११-१२ मधल्या २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर आलोच ना?’

कदाचित थोडी घट झालीही असेल. पण २०११-१२ मध्ये सगळी माहिती एकाच भेटीत घेतली होती. २०२२-२३ मध्ये तीन प्रश्नावल्या घेऊन तीन वेगळ्या महिन्यांत घरी गेले आणि नमुना निवडण्याची रीतही बदलली. पद्धत सुधारली हे चांगलंच, मात्र आधीच्या आकड्याशी सरळ वजाबाकी करता येत नाही.

‘गरिबी घटली, म्हणजे विषमताही घटली’

बँकेच्या त्याच टिपणात अतिगरिबी १६.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आल्याचं म्हटलंय. सर्वेक्षणातल्या बदलांची सावली यावरही आहे, पण गरिबी बरीच कमी झाली यावर माझा वाद नाही. दोन्ही गोष्टी एक नाहीत, एवढंच. चीनने चार दशकांत सुमारे ८० कोटी लोकांना अतिगरिबीतून बाहेर काढलं. त्याच वाटेवर तिथला उत्पन्नाचा गिनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या सुमारे ३० वरून २००८ मध्ये सरकारी आकडेवारीनुसारच ४९.१ वर गेला. तळ वर येत असताना शेंडा कैक पट वेगाने वर जाऊ शकतो.

‘ते ६२ वगैरे डाव्यांचे अंदाज’

अंदाज आहेत, हे मान्य. प्राप्तिकर भरणारे थोडे आणि त्याबाहेरचं उत्पन्न सर्वेक्षणांवरून जुळवावं लागतं, त्यामुळे गृहीतकांवर वाद घालायला जागा आहे. आकडा ६२ ऐवजी ५५ निघाला असं धरू. तरीही स्लोव्हाकियाच्या २४.१ च्या तो आसपासही येत नाही.