'ॲपमध्ये अख्खं जग आहे, मग चार्ट कशाला?' : हे फॉरवर्ड करण्याआधी वाचा

सेलिंगवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय की ओशन पॅसेजला, म्हणजे महासागर ओलांडून जाताना, चार्टचा (समुद्राच्या नकाशांचा) बाऊ नको, एका ॲपमध्ये सगळं येतं, मध्ये समुद्र मोकळाच असतो, जीपीएस काही मीटरपर्यंत अचूक आहे आणि अमेरिकेनेसुद्धा कागदी चार्ट बंद केलेत. ऐकायला सगळं पटतं, आणि म्हणूनच मला काळजी वाटते, कारण हे वाचून कोणीतरी खरंच निघेल.

आधी तो 'मोकळा समुद्र' बघू. 29 नोव्हेंबर 2014, व्होल्व्हो ओशन रेस ही शिडाच्या बोटींची जगप्रदक्षिणेची शर्यत, केपटाउनहून अबुधाबीला निघालेली टीम व्हेस्टास विंडची बोट, रात्रीची वेळ, स्पीड 19 नॉटच्या (ताशी 35 किलोमीटरच्या) आसपास, आणि बोट सरळ सेंट ब्रँडनच्या प्रवाळावर चढली. मॉरिशसच्या ईशान्येला साधारण 430 किलोमीटरवर, म्हणजे भर हिंदी महासागरात. नऊच्या नऊ जण वाचले हे नशीब. बोटीवर सगळे प्रोफेशनल होते, इलेक्ट्रॉनिक चार्टही होता, पण त्यांना वाटत होतं की इथे चाळीसेक मीटर पाणी आहे, कारण झूम पुरेसा आत नेलेला नव्हता. व्हेक्टर चार्टचं, म्हणजे झूमप्रमाणे स्क्रीनवर नव्याने काढल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चार्टचं, हेच आहे, झूम आउट केलं की स्क्रीनवर गर्दी नको म्हणून तो बारीकसारीक गोष्टी गाळतो आणि त्या बारीकसारीक गोष्टींत कधी कधी अख्खा रीफ जातो. कागदी चार्ट काढणारा माणूस छोट्या स्केलवरही (एकाच कागदावर मोठा एरिया) धोक्याची जागा शक्यतो सोडत नाही. म्हणून ॲप वापरायचंच असेल तर जरूर वापरा, पण रूटची रेघ मारल्यावर ती पूर्ण रेघ, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यासकट, मोठ्या झूमवर सरकवत तपासा, घरी बसून, एक दिवस गेला तरी चालेल.

जीपीएस अचूक आहे, मान्य. पण तुमची जागा अचूक कळली म्हणून खडकाची जागा अचूक होत नाही ना! कित्येक ठिकाणचा सर्व्हे अजून शिशाचं वजन दोरीला बांधून वाव मोजण्याच्या काळातला आहे, आणि जुना चार्ट डब्ल्यूजीएस 84 वर, म्हणजे जीपीएस वापरतं त्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीवर, नसेल तर नुसत्या 0.1 मिनिट अक्षांशाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरकाने 185 मीटर चुकतात. न्यू कॅलेडोनियाजवळचं सँडी आयलंड तर कित्येक नकाशांवर होतं, 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे गेलं तर बेटच नाही, नुसतं खोल पाणी. त्यामुळे चार्टवरचा सोर्स डायग्राम (कुठला सर्व्हे कधीचा ते दाखवणारा) किंवा झेडओसी (सर्व्हे किती भरवशाचा याची श्रेणी) बघायची सवय लावा, झेडओसीत डी (खराब) किंवा यू (तपासलेलाच नाही) दिसलं तर लांबून जा.

राहिला अमेरिकेचा मुद्दा, तर त्यांनी आपले पारंपरिक कागदी चार्ट बंद केले हे खरं, पण हवा तो भाग स्वतः प्रिंट करायची सोय ठेवलीय, आणि तसंही ते त्यांच्या पाण्यापुरतं. आपल्याकडे देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस चार्ट काढतं, नोटीस टू मरिनर्स, म्हणजे चार्टमधल्या बदलांच्या सूचनाही देतं.

मी स्वतः काय घेईन? पूर्ण महासागराचा एक छोट्या स्केलचा कागदी चार्ट, म्हणजे 1:35,00,000 च्या आसपासचा, त्यावर दर वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) पेन्सिलने पोझिशन. त्या त्या महिन्याचा रूटिंग चार्ट, वारा आणि करंटसाठी. आणि लँडफॉलचे, म्हणजे जिथे किनाऱ्याला पोहोचणार तिथले, तसंच वाटेत गरज पडली तर शिरता येईल अशा बंदरांचे मोठ्या स्केलचे चार्ट, करेक्शन करून, म्हणजे नोटिसांमधले बदल त्यांवर उतरवून. इथे नवीन लोक हमखास गोंधळतात, मोठा स्केल म्हणजे छोटा एरिया आणि जास्त डिटेल, उलटं नाही, ऑर्डर देताना नीट बघा.