‘धाकानेच पोरे घडतात’ : एका व्हायरल मजकुराचा प्रतिवाद

गेली काही वर्षे ‘फादर्स डे’ जवळ आला की एक मजकूर घरच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात. म्हणणे तेच राहते. पूर्वी बापाची चप्पल दारात वाजली की घर चिडीचूप होई आणि त्या धाकामुळेच ती पिढी घडली. आजचा बाप लंगोट बदलतो, लेकराला भरवतो, म्हणून मुलगे बिनकण्याचे निपजतात. निसर्गानेच आईला माया आणि बापाला कमाई व धाक वाटून दिला आहे. आणि बापाने बाळाचे करणे हे पाश्चात्त्यांकडून आलेले फॅड आहे. शेवटी सल्ला असतो, ‘बापाला बाप राहू द्या.’ हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण स्वतःच्या वडिलांवरच्या प्रेमापोटी तो पाठवतात, यात शंका नाही. पण नुकताच बाप झालेला पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा त्यावरून स्वतःला मापू लागतो, म्हणून त्यातील एकेक दावा तपासणे भाग आहे.

पहिला दावा धाकाचा. यातले ‘पूर्वी’ नेमके कोणाच्या घरातले, हे मजकूर सांगत नाही. कोकणातली आणि साताऱ्याकडची हजारो घरे घ्या. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, मुक्काम चाळीतल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपून, जेवण खाणावळीत, आणि बायकोमुले गावी. हा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी येई. ट्रंक उतरवून तो अंगणात उभा राही, तेव्हा तीन वर्षांचे पोर त्याला न ओळखता आजीच्या पदराआड लपे, आणि ते जरा जवळ येऊ लागे तोवर त्याची परतीची गाडी निघालेली असे. या घरांतली पोरे कोणाच्या धाकात घडली? शेती, शाळा, दुखणीखुपणी, मनीऑर्डरचा हिशोब हे सगळे आईने आणि आजीने निभावले. ती पिढी घडली असेल, तर श्रेय देताना निदान पत्ता तरी बरोबर लिहावा.

जिथे बाप घरातच होता आणि हातही उचलत होता, तिथले काय? माराच्या परिणामांवर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये अशा ७५ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार मुलांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. ज्या मुलांना घरात फटके बसत होते त्यांच्यात आक्रमकपणा अधिक आढळला, आईवडिलांशी त्यांचे नाते अधिक बिघडलेले दिसले, आणि माराने वळण लागल्याचे चिन्ह मात्र सापडले नाही. अशा आढाव्यांवरून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे खरे. पण ‘फायदा होतो’ असे म्हणणाऱ्यावरही पुराव्याची जबाबदारी असतेच. ‘आम्ही मार खाल्ला आणि आमचे काय बिघडले’ हे पुरावा म्हणून चालत नाही, कारण ज्यांचे बिघडले ते त्या गटात सहसा नसतात.

आजच्या बापाने बाईमाणसाची कामे अंगावर घेतली, हा दुसरा दावा तर थेट आकड्यांशी भांडतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटात घरातल्या माणसांची देखभाल, म्हणजे मुले, म्हातारे, आजारी यांचे करणे, यात दिवसभरात सहभागी होणाऱ्या स्त्रिया ४१ टक्के होत्या आणि पुरुष २१.४ टक्के. जे पुरुष सहभागी होते त्यांनी दिवसाला सरासरी ७४ मिनिटे दिली, स्त्रियांनी १४० मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशा घरकामात सहभागी पुरुषांची सरासरी २०१९ मध्ये ९७ मिनिटे होती, ती २०२४ मध्ये ८८ वर आली. म्हणजे देखभालीपुरते पाहिले तर पाचांतल्या जवळजवळ चार पुरुषांच्या वाट्याला त्या दिवशी कोणाचे काही करणे आलेच नव्हते. जो बाप अजून मोठ्या संख्येने अवतरलाच नाही, त्याच्यामुळे मुलगे बिघडल्याची तक्रार सुरू आहे.

निसर्गाचा दाखला त्याहून कच्चा आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात सुमारे ६०० तरुणांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी काही वर्षांच्या अंतराने मोजण्यात आली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे दरम्यान बाप झाले त्यांची पातळी इतरांपेक्षा बरीच अधिक घसरली, आणि जे रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलांचे करत होते त्यांची पातळी सर्वांत कमी होती. हे वाचून कोणी ‘बघा, मर्दपणा उतरला’ म्हणेल; पण सुरुवातीला ज्यांची पातळी अधिक होती त्यांचीच पुढे जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता जास्त होती, असेही त्याच अभ्यासात दिसले. मुलांचे करू लागलेल्या पुरुषाशी शरीर स्वतःच जुळवून घेते, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. निसर्गाची साक्ष काढायचीच असेल, तर ती लंगोट बदलणाऱ्याच्या बाजूने जाते.

उरला फॅडचा आरोप. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांदेखत स्वतःच्या लेकराला कडेवर घेणे हा निर्लज्जपणा मानला जाई. बाळ रडत असले तरी तरुण बाप ओसरीवर जागचा हलत नसे, आणि सासू आतल्या सुनेला हाक मारी, ‘अगं, घे त्याला.’ पण त्याच ओसरीवर आजोबा नातवाला मांडीवर घेऊन भरवत, अंगाखांद्यावर खेळवत, देवळात नेत, वेळप्रसंगी त्याचे शी-शूही बघत, आणि त्यात कोणाला त्यांचा पुरुषपणा उणावल्यासारखे वाटत नसे. पोटच्या पोराला जवळ न घेणारा बाप वीस-पंचवीस वर्षांनी नातवाचे सगळे हौसेने करी. पुरुषाच्या हातांना बाळ सांभाळता येत होते. मनाई होती ती तरुणपणी, आपल्या वडिलांसमोर. हा घरातल्या उतरंडीचा नियम होता. वाडे गेले, उतरंड सैल झाली आणि तो नियम मोडला. त्याला पाश्चात्त्य कसे म्हणावे?

शिवाय ‘पुरुष कमावतो, बाई सांभाळते’ ही वाटणी कष्टकऱ्यांच्या घरात कधी नव्हतीच. बीडकडून ऊसतोडीला जाणारे नवराबायको ‘कोयता’ म्हणून एकत्र मोजले जातात, मुकादमाकडून उचलही जोडीने घेतात आणि पहाटे फडात दोघेही उतरतात. तान्हे पोर तेव्हा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या काखेत असते, कारण सांभाळणे मात्र बापाच्या वाट्याला तिथेही येत नाही. आणि कमाईवरच पुरुषपणा तोललेला असला की काय होते, ते गिरणगावाने पाहिले आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांपैकी पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. बायकांनी डबे, पोळ्या, शिवणकाम करून चुली चालू ठेवल्या. अनेक पुरुष घरात असूनही घराला कसे उपयोगी पडावे हे न कळून नाक्यावर किंवा गुत्त्यात बसू लागले. कमावण्यापलीकडे बापाचे घरात काही काम असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

या विषयाची मराठी चर्चाही कालपरवा रील्स बघून सुरू झालेली नाही. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांनी स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध उभी केलेली संस्था १९९३ पासून काम करते आहे आणि मर्दानगीवर चर्चा करणारा दिवाळी अंकही काढत आली आहे.

मजकुरातली एक कुरकुर मात्र मला पटते. मुलाला ‘नाही’ म्हणण्याची धमक नसलेले, मागेल ते हातात ठेवून मैत्री मिरवणारे बाप आहेत. पण नकार देण्यासाठी धाक लागत नाही, सोबत घालवलेला वेळ लागतो, आणि वेळेची खरी अडचण कायद्यात आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीत मालकाची मर्जी. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच सर्व क्षेत्रांतील बापांना रजा देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे हिंजवडीतला तरुण बाळ आठवड्याचे होण्याआधी लॅपटॉप उघडतो आणि रिक्षाचा हप्ता फेडणारा बाप त्याच्याही आधी स्टँडवर पोहोचतो. त्यांना आणखी दूर राहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी या रजेबद्दल आजवर एक ओळ लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही.