नगरराज्य पडते त्या रात्रीच्या आधीची दोनशे वर्षे

अद्भुतकथांमधील नगरराज्ये मला विलक्षण प्रिय आहेत. साम्राज्य लेखकाच्या हातातून निसटते, नगरराज्य मात्र कादंबरीत नेमके मावते: एक तट, एक बंदर, एक सभागृह आणि एकमेकांना घराण्यापासून ओळखणारी माणसे. सकाळी सभेत झालेला ठराव संध्याकाळपर्यंत धक्क्यावरच्या हमालाला ठाऊक झालेला असतो आणि रात्री त्यावरून एखाद्या घरात भांडण पेटलेले असते. असे असूनही या प्रकारच्या कादंबऱ्या वाचताना एक तक्रार मनात साचत गेली आहे. नगर उभे कसे राहिले, ते पोट कशावर भरते, हे सांगायला बहुतेक लेखक दोन परिच्छेदसुद्धा देत नाहीत. आणि ते पडते तेव्हा एका रात्रीत पडते. ड्रॅगन येतो, जुना शाप फळतो, नाहीतर कोणी फितूर दिंडी दरवाजा आतून उघडतो. ज्वाळा उठतात, एक राजपुत्र भुयारातून निसटतो आणि पुढचा खंड सुरू होतो.

माझे म्हणणे असे आहे की नगरराज्याचा ऱ्हास त्याच्या वैभवाच्या ऐन भरात सुरू होतो, ज्या व्यवस्थेने वैभव आणले तिच्याच आत सुरू होतो, आणि तो सुरू करणारी माणसे दुष्ट किंवा मूर्ख नसून बहुधा जबाबदार, सुखवस्तू आणि आपल्या नगरावर मनापासून प्रेम करणारी असतात. शत्रू सगळ्यात शेवटी येतो. ड्रॅगनला माझा विरोध नाही. पण तो येईपर्यंत भिंत आतून पोकळ झालेली असली पाहिजे आणि ती कशी पोकळ झाली हे वाचकाला दिसले पाहिजे.

या बाबतीत इटलीतल्या व्हेनिसइतका समृद्ध नमुना दुसरा नाही. खाजणातल्या चिखलाच्या बेटांवर वसलेल्या या नगराला शेती नव्हती, पुरेसे गोडे पाणीही नव्हते. होते ते मीठ, मासे आणि समुद्र. त्याच्या उत्कर्षामागे ‘कोलेगांझा’ नावाचा एक साधा भागीदारी करार होता. भांडवल घरी बसलेल्या भागीदाराचे आणि प्रवास, धोका व सौदा तरुण व्यापाऱ्याचा; सारे भांडवल पहिल्याचे असेल तर नफ्याचा तीन चतुर्थांश त्याला आणि एक चतुर्थांश प्रवास करणाऱ्याला. ज्याच्या गाठीला काहीच नाही अशा हुशार मुलाला या कराराने जहाजावर चढवले, आणि यशस्वी सफरी करून परतलेला असा मुलगा नगराच्या कारभारातही शिरू लागला. 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याबरोबर व्हेनिसने बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल घेतली, तेव्हा या नगराचा हात कुठवर पोहोचला होता हे जगाला दिसले.

आणि मग 1297 आले. त्या वर्षी महापरिषदेचे, म्हणजे नगराच्या सर्वोच्च सभेचे, सभासदत्व मुख्यतः आधीपासून परिषदेत असलेल्या घराण्यांपुरते आवळण्याची सुरुवात झाली, आणि पुढच्या काही दशकांत ते पूर्णपणे वंशपरंपरागत झाले. इतिहासात हा प्रसंग ‘सेर्राता’, म्हणजे बंद करणे, या नावाने ओळखला जातो. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी कुलीनांच्या मुलांचे जन्म नोंदवण्यासाठी अधिकृत वही आली, तिचे नाव ‘सुवर्णग्रंथ’. कादंबरीकाराने इथे थांबून बघायला हवे. त्या दिवशी कोणताही दरवाजा फुटला नाही, कोणी मेले नाही. बंदरात जहाजे आली आणि गेली. उलट, गटबाजीने पोखरलेल्या शेजारच्या नगरांकडे पाहता हा निर्णय अनेकांना शहाणपणाचाच वाटला असणार, आणि त्याने खरोखरच पाचशे वर्षांचे स्थैर्य दिले. पण नवा माणूस वर चढण्याची वाट अरुंद झाली, आणि कालांतराने तो तरुणाला जहाजावर चढवणारा करारही मागे पडला.

व्हेनिसच्या ऱ्हासाचे खापर सरसकट वास्को द गामावर फोडले जाते. 1498 मध्ये तो कालिकतला पोहोचला आणि व्हेनिसचा मसाल्याचा व्यापार संपला, असे सांगितले जाते. हे मला फार सोपे उत्तर वाटते, कारण सोळाव्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियामार्गे येणारा मसाला पुन्हा सावरला होता. खरी घसरण मंद, गुंतागुंतीची आणि म्हणूनच अधिक कथनीय आहे. क्रीट बेटासाठी ऑटोमन तुर्कांशी चाललेल्या दीर्घ युद्धात तिजोरी रिकामी झाली, तेव्हा ज्या सुवर्णग्रंथाची पाने इतक्या कटाक्षाने राखली होती त्यातली जागा एक लाख डुकाट (व्हेनिसची सोन्याची नाणी) घेऊन विकायला काढावी लागली. आणि 1669 मध्ये क्रीट गेले ते गेलेच.

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाची गोष्ट याहून कठोर आहे. तिथे पूर्ण नागरिकाने सामुदायिक भोजनगटात दरमहा आपला वाटा द्यायचा असे: जवाचे पीठ, वाइन, चीज, अंजीर. ज्याला हा वाटा देणे झेपेना, त्याचे नागरिकत्व जाई. समतेसाठी घातलेला हा नियम. पण जमिनी थोड्या हातांत गोळा होत गेल्या आणि त्याच नियमाने नागरिकांची संख्या वर्षानुवर्षे गाळून टाकली. इ. स. पूर्व 371 मध्ये थीब्जविरुद्ध ल्यूक्ट्राच्या रणांगणात उतरलेल्या सैन्यात पूर्ण नागरिक जेमतेम सातशे होते आणि त्यांतले चारशे पडले. एका दुपारचा हा पराभव नगराला पुन्हा कधीच भरून काढता आला नाही. लेखकाने युद्ध जरूर रंगवावे, पण त्याआधी एक बाप जवाच्या रिकाम्या पोत्याकडे पाहून या महिन्याचा वाटा कुठून आणायचा याचा हिशेब करताना दाखवला, तर त्या चारशे प्रेतांचे वजन वाचकाला कळेल.

हे कल्पित नगराला कसे लागू पडते, ते सांगतो. समजा, खडकाळ किनाऱ्यावरच्या एका नगराजवळ वारा बोलावणारी माणसे आहेत. कुणाच्याही पोटी जन्मलेल्या मुलाला हे वरदान असू शकते, म्हणून दर वसंतात धक्क्यावर सगळ्या वस्त्यांतली मुले उभी करतात, प्रत्येकाच्या हातात कापडाची पट्टी देतात, आणि ज्याची पट्टी वारा नसताना फडफडते त्याला वारा बोलावणाऱ्यांच्या संघात घेतात. या संघाच्या जोरावर नगराची गलबते इतर बंदरे शांत पडलेली असतानाही धावतात. पैसा येतो. मग एका वर्षी संघातले वडीलधारे, अगदी चांगल्या हेतूने, ठरवतात की विद्या परक्याच्या हाती पडू नये म्हणून परीक्षा फक्त संघातल्या घराण्यांच्या मुलांची घ्यावी. पुढची तीस वर्षे काहीच बिघडत नाही. नंतर कधीतरी एका सरदाराच्या मुलीची पट्टी हलतच नाही, आणि परीक्षक क्षणभर घुटमळून वहीत ‘फडफडली’ असे लिहितो.

माझ्या मते नगर त्या नोंदीत पडले. यानंतर वारे किंचित मंदावतील, मालाला दोन दिवस उशीर होईल, एक जुना गिऱ्हाईक व्यापारी दुसऱ्या बंदराशी बोलणी करील, जकात घटेल, ती भरून काढायला दर वाढतील आणि आणखी दोन व्यापारी जातील. दरम्यान कोळीवाड्यात एखाद्या मुलाच्या हातातले फडके निवांत दुपारी आपोआप उडत असेल आणि त्याला कोणी विचारणार नाही. शत्रूचे आरमार क्षितिजावर दिसेल तेव्हा लेखकाला फितुराची गरजच उरणार नाही.

सगळाच ऱ्हास माणसांच्या निर्णयातून येतो असे मी म्हणत नाही. युफ्रेटिस नदीने पात्र बदलले आणि मेसोपोटेमियातले प्राचीन उर नगर कोरडे पडले. आजच्या बेल्जियममधल्या ब्रूझ या व्यापारी नगराला समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळाने भरत गेली. पण गाळ हळूहळू साचत असताना सभागृहात त्यावर काय बोलले गेले, खर्च कोणी नाकारला आणि कोणत्या घराण्याने गुपचूप दुसऱ्या बंदरात वखार घेतली, यातच कादंबरी असते.

आणि शेवट? 12 मे 1797 रोजी नेपोलियनच्या सैन्याच्या धाकाखाली व्हेनिसची महापरिषद जमली. नियमाप्रमाणे लागणारी सहाशेची गणसंख्याही भरली नाही. तरीही मतदान घेतले गेले आणि प्रचंड बहुमताने परिषदेने स्वतःलाच बरखास्त केले. हजार वर्षांहून जुन्या प्रजासत्ताकाचा शेवट एका बेकायदा बैठकीतल्या ठरावाने झाला. अशी एक बैठक मला मराठी अद्भुतकादंबरीत वाचायची आहे: जादू आहे, नकाशा आहे, दूरवर शत्रूचे तंबूही आहेत, पण प्रकरणभर माणसे फक्त बोलत आहेत, गैरहजर सभासदांची नावे पुकारली जात आहेत, आणि त्या नावांपैकी प्रत्येक नाव वाचकाला आधीच्या तीनशे पानांतून ओळखीचे झालेले आहे. कोणी लिहीत असेल तर कृपया सांगा. मला ते हस्तलिखित वाचायला आवडेल.